लार्ज कॅप ग्रोथ : शंभराचे सहासष्ट आणि शंभराचे साडेसहाशे

खारी_बिस्किट (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज टंकायला बसलो त्याला कारण बायको. तिने नोकरी बदलली, नव्या कंपनीचा ४०१केचा (पगारातून पैसे कापून म्हातारपणासाठी गुंतवायची इथली योजना) फॉर्म भरायचाय. यादीत चौदा फंड. त्यातल्या एकाच ओळीवरून आमच्या घरात दोन रात्री वाद झालाय: 'लार्ज कॅप ग्रोथ इंडेक्स', म्हणजे वेगाने वाढणाऱ्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणारा फंड. त्या ओळीपुढचा दहा वर्षांचा परतावा पाहिला की बाकीच्या तेरा ओळी वाचायची इच्छाच राहत नाही. ती म्हणते, सगळे इथेच टाकू आणि विसरून जाऊ. माझ्याकडे उत्तर नव्हतं, नुसतीच पोटात कालवाकालव. कारण मला दादा आठवत होता.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. १९९८ साली वाय-टू-केच्या लाटेत इथे आला. त्याच्याही ४०१केत असाच एक मोठ्या ग्रोथ कंपन्यांचा फंड होता आणि पगारातून कापले जाणारे सगळे पैसे त्याने त्यातच लावले होते. मागच्या हिवाळ्यात त्याचं तळघर आवरायला गेलो तेव्हा जुनी तिमाही स्टेटमेंटं सापडली. वहिनी ती कालनिर्णयच्याच खिळ्याला अडकवून ठेवायची, त्यामुळे प्रत्येकाच्या वरच्या कडेला भोक आहे. डिसेंबर १९९९च्या कागदावर दादाने पेन्सिलीने लिहिलंय, '२०१० – पुणे.' २००१च्या मध्यापर्यंतची स्टेटमेंटं अशी भोकं पाडलेली. त्यानंतरची पाकिटं फोडलेलीच नाहीत. २००२च्या शेवटी त्याने सगळे पैसे ठरलेलं व्याज देणाऱ्या फंडात हलवले आणि पुन्हा शेअरचं नाव काढलं नाही.

म्हणून म्हटलं, या निर्देशांकाचं एकदा नीटच बघू. अमेरिकेत लार्ज कॅप ग्रोथ मोजायचं म्हटलं की बहुतेक फंडवाले 'रसेल १००० ग्रोथ'शी तुलना करतात, म्हणून मीही तोच धरला. खालचे सगळे आकडे लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून, डॉलरमध्ये.

१९९५ ते १९९९ ही पाच वर्षं बघा. ३७, २३, ३०, ३९, ३३ टक्के. शंभराचे चारशेच्या वर. कुणाचंही डोकं फिरेल. मग २००० साली उणे २२.४, २००१ला उणे २०.४, २००२ला उणे २७.९. तीन वर्षांत शंभराचे साडेचव्वेचाळीस. पुढे पाच वर्षं चढ, की २००८ला पुन्हा उणे ३८.४. नव्या शतकाच्या पहिल्या दिवशी टाकलेल्या शंभर डॉलरचे २००९च्या शेवटी साधारण ६६.६ होते. मुद्दल भरून निघायला २०१३ साल उजाडलं. तेरा वर्षं!

त्यानंतर मात्र गाडी सुसाट. २०१७ला ३०, २०१९ला ३६, २०२०मध्ये जग घरात कोंडलेलं असताना ३८.५, २०२१ला २७.६. २०२२ला उणे २९ची सणसणीत चपराक, आणि लगेच २०२३ला ४२.७, २०२४ला ३३.४. ते २०००चे शंभर २०२४च्या शेवटी साधारण ६५४ झालेले. म्हणजे पंचवीस वर्षांत वार्षिक पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. वाईट नाही, पण फॉर्मवरची 'दहा वर्षं' ओळ जे स्वप्न दाखवते तेही नाही.

आता ज्याने मला खरं उडवलं ते. याचंच दुसरं भावंड, रसेल १००० व्हॅल्यू, म्हणजे पडेल भावातल्या बड्या कंपन्या, त्याचंही गणित मांडलं. २०००चे शंभर २००९च्या शेवटी १२७ च्या पुढे (ग्रोथचे ६६ असताना!) आणि २०२४च्या शेवटी साधारण ५९०. सगळा गाजावाजा, सगळे एआय-बिआय धरून पंचवीस वर्षांत ग्रोथ पुढे किती, तर वर्षाला जेमतेम अर्धा टक्का. मी दोनदा बेरीज तपासली. (गुणाकार म्हणा हवं तर.)

तर प्रश्न असा की बायकोला काय सांगू?

अर्धा_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक मात्र सांगतो, आकडे दाखवून बायकोशी वाद जिंकलेला माणूस या संकेतस्थळावर अजून सापडलेला नाही.

खडूफळा (नाशिक)

छान धागा. बाळबोध शंका आहे, हसू नका. माझ्या म्युच्युअल फंडाच्या नावात शेवटी 'डायरेक्ट ग्रोथ' असं आहे. म्हणजे मीही हाच ग्रोथ घेऊन बसलोय का?

खारी_बिस्किट

सर, हसण्यासारखं काही नाही, माझ्या सासऱ्यांनाही हेच वाटत होतं. तुमच्या फंडातल्या 'ग्रोथ'चा अर्थ एवढाच की फंड तुम्हाला लाभांश वाटत नाही, पैसे आतच ठेवतो आणि एनएव्ही (एका युनिटचा भाव) वाढते. आत कुठल्या कंपन्या आहेत याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. आत निव्वळ सरकारी रोखे असले तरी नावात 'ग्रोथ' असू शकतं.

काटेकोर (सिअ‍ॅटल)

माझा पोटापाण्याचा धंदाच निर्देशांकांच्या भोवती आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. 'ग्रोथ' हा कंपनीचा गुण आहे असं बहुतेकांना वाटतं. तो नियमपुस्तिकेचा निकाल आहे. नियम बदला, कंपनीची जात बदलते.

रसेल ही मूळची आमच्या इथून तासाभरावरच्या टकोमा गावची कंपनी. हिचं मूळ काम पेन्शन फंडांना सल्ला देण्याचं: तुमचे पैसे सांभाळणारा मॅनेजर चांगला की वाईट ते तपासून सांगायचं. तिथेच अडचण यायची. एक मॅनेजर फक्त वेगाने वाढणाऱ्या महागड्या कंपन्या घेतो, दुसरा पडेल भावातल्या. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजलं तर त्या वर्षी ज्याची हवा तोच हुशार ठरतो. म्हणून १९८४ला त्यांनी रसेल १०००, २०००, ३००० हे निर्देशांक आणले आणि १९८७ला त्यांचे ग्रोथ आणि व्हॅल्यू असे दोन भाग केले. आकडे मागे १९७९ पर्यंत नेऊन ठेवले. मुळात ही मॅनेजर तपासायची पट्टी होती. लोक पट्टीतच पैसे गुंतवायला लागले ते नंतर. त्यावरचा सगळ्यात नावाजलेला ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) कधी आला माहितीय? मे २०००. पेढे वाटायला आणि सुतक लागायला एकच गाठ.

आता वाटणी कशी होते ते. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हजार कंपन्या घ्या. प्रत्येकीला गुण द्या. निम्मे गुण ताळेबंदातल्या मूल्याच्या मानाने भाव किती यावर. उरलेले निम्मे वाढीवर: पुढच्या दोन वर्षांत नफा किती वाढेल याबद्दल विश्लेषकांचा अंदाज आणि मागच्या पाच वर्षांत दर शेअरमागे विक्री किती वाढली. त्यावरून रांग लावायची. एका टोकाच्या पूर्ण ग्रोथमध्ये, दुसऱ्या टोकाच्या पूर्ण व्हॅल्यूमध्ये, आणि मधल्या ज्या आहेत त्यांचं वजन दोघांत विभागून. साधारण तीस टक्के बाजारमूल्य अशा दोन्ही घरच्या पाहुण्यांचं असतं. २०२५पर्यंत दरवर्षी एकदाच, जूनच्या शेवटी, पुन्हा रांग लागायची.

गंमत बघा. निम्मे गुण भावाचे आहेत. म्हणजे भाव कोसळला की कंपनी आपोआप ग्रोथमधून घसरायला लागते. २०२२च्या जूनमध्ये मेटा, म्हणजे फेसबुक, याच कारणाने काही हिश्शाने व्हॅल्यूमध्ये गेली. नेटफ्लिक्स आणि पेपालही. फेसबुक 'व्हॅल्यू शेअर' झाल्याच्या बातमीवर आमच्या ऑफिसात दिवसभर कोट्या चालल्या होत्या. पुढच्या वर्षी मेटाचा भाव वर आला आणि ती माघारी ग्रोथमध्ये.

आणि हे फक्त रसेलचं. एस अँड पी या दुसऱ्या निर्देशांकवाल्या कंपनीने १९९२ला 'बारा' (Barra) नावाच्या कंपनीबरोबर स्वतःचे ग्रोथ-व्हॅल्यू काढले, तेव्हा निकष एकच होता, पुस्तकी मूल्याच्या मानाने भाव. आज त्यांच्या वाढीच्या गुणांत गेल्या बारा महिन्यांतली भावाची चालही धरतात. त्यामुळे २०२२च्या पडझडीनंतर डिसेंबरमध्ये त्यांनी रांग लावली तेव्हा तेलवाली एक्सॉन ग्रोथमध्ये शिरली, आणि अ‍ॅमेझॉन, मेटा व्हॅल्यूच्या घरी. नेमकं त्याच्या पुढच्याच वर्षी मेटा आणि अ‍ॅमेझॉन उसळल्या. परिणाम: २०२३ला रसेल १००० ग्रोथ ४२.७ टक्के, एस अँड पी ५०० ग्रोथ ३० टक्के. दोघांच्या पाटीवर एकच शब्द, 'ग्रोथ', आणि एका वर्षात साडेबारा टक्क्यांचा फरक. तेव्हा खारी_बिस्किट, पहिलं काम हे करा: त्या ओळीतला फंड नेमका कुठल्या निर्देशांकाच्या मागे आहे ते छोट्या अक्षरांत शोधा.

खारी_बिस्किट

दंडवत! शोधलं. माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर 'सीआरएसपी यूएस लार्ज कॅप ग्रोथ' असं आहे. म्हणजे मी दोन रात्री भलत्याच निर्देशांकाचे गुणाकार करत होतो की काय?

काटेकोर

भलत्याच नाही, सख्ख्या चुलतभावाचे. सीआरएसपी हे शिकागो विद्यापीठात सुरू झालेलं शेअरभावांचं संशोधन केंद्र. व्हॅनगार्ड या फंड कंपनीचा १९९२ सालचा ग्रोथ इंडेक्स फंड आधी एस अँड पी/बाराच्या निर्देशांकामागे होता, मग एमएससीआय या आणखी एका निर्देशांकवाल्या कंपनीच्या, आणि २०१३पासून सीआरएसपीच्या. म्हणजे फंडाचं नाव तेच, पण 'ग्रोथ'ची व्याख्या दोन वेळा बदललेली. लांब पल्ल्यात चाल साधारण सारखीच दिसेल, एखाद्या वर्षी फरक पडेल.

झुणका_केंद्र (शिकागो)

पण दादांचं उदाहरण पूर्ण लागू नाही ना? त्यांनी १९९९ला एकरकमी थोडेच टाकले होते. पगारातून महिन्याला जात होते. पडत्या भावात जास्त युनिट मिळतात, एसआयपीवाले कंठशोष करून हेच सांगत असतात. म्हणून मी धागाकर्त्याचेच आकडे घेऊन हिशेब केला. दरवर्षी १ जानेवारीला १०० डॉलर, २००० ते २००९. एकूण भरले हजार. २००९च्या शेवटी हातात साधारण १०५३.

भांडं फुटलं नाही हे खरं. पण दहा वर्षं दळण दळून पदरात त्रेपन्न डॉलर. आणि हेसुद्धा कुणाला मिळाले, तर ज्याने २००२च्या शेवटी हात आखडता घेतला नाही त्याला. त्या सगळ्या हप्त्यांत सगळ्यात जास्त कमावून देणारा हप्ता २००३च्या जानेवारीचा आहे. त्या शंभराचे दीडशे झाले. दादा नेमके तेव्हाच बाहेर पडले होते.

खारी_बिस्किट

हे त्याला सांगायची माझी हिंमत नाही.

धडाकेबाज_गणू

लेख चांगला आहे पण २०००चं भूत किती दिवस नाचवणार? तेव्हा धंदा नाही, नफा नाही, नुसत्या नावापुढे डॉटकॉम. आजच्या कंपन्या नोटा छापतात. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल, एनव्हिडिया यांचे नफे बघा. तुलनाच चुकीची आहे. मी २०१६पासून शंभर टक्के ग्रोथमध्ये आहे आणि मजेत आहे.

काटेकोर

गणूभाऊ, कुत्र्याचं खाद्य ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांचं म्हणत असाल तर बरोबर. पण त्या लार्ज कॅप ग्रोथच्या माथ्यावर नव्हत्याच. तिथे होत्या मायक्रोसॉफ्ट, सिस्को, इंटेल, जनरल इलेक्ट्रिक. सगळ्या भरभक्कम नफ्यातल्या. धंदा खोटा नव्हता, भाव अवाच्या सवा होता. सिस्कोच घ्या. मार्च २०००मध्ये बाजारमूल्य पाचशे अब्ज डॉलरच्या वर, काही काळ जगातली सगळ्यात महाग कंपनी. त्यानंतर धंदा वाढला, नफा कितीतरी पट झाला. आणि तो जुना भाव पुन्हा दिसायला पाव शतक गेलं. मायक्रोसॉफ्टलाही १९९९चा उच्चांक ओलांडायला २०१६ उजाडलं, मध्ये कंपनी एकदाही बुडायला आली नव्हती.

त्याआधीची गोष्ट हवी असेल तर १९७२ची 'निफ्टी फिफ्टी', म्हणजे तेव्हाच्या लाडक्या पन्नासेक बड्या कंपन्या. (आपल्या निफ्टीशी गल्लत नको.) पोलरॉइड, झेरॉक्स, एव्हॉन, कोडॅक. एकदा घ्या आणि कधीच विकू नका, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. पोलरॉइड नफ्याच्या नव्वदपटीहून जास्त भावाने विकला जात होता. १९७३-७४ने ती हौस फेडली.

आजचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. मला कळलं असतं तर मी इथे प्रतिसाद लिहीत बसलो नसतो.

धडाकेबाज_गणू

सिस्कोचा मुद्दा मान्य. बाकी अमान्य.

शेंगदाण्याची_चिक्की (डॅलस)

एक गोष्ट कुणी बोललं नाही. या निर्देशांकात कंपन्या किती आणि पैसे किती कंपन्यांत? रसेल १००० ग्रोथमध्ये नावं चारशेच्या आसपास असतात, पण २०२४च्या शेवटी अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि एनव्हिडिया या तिघींचंच वजन साधारण एक तृतीयांश होतं. पहिल्या दहा धरल्या तर निम्म्याहून बरंच जास्त. 'इंडेक्स आहे म्हणजे पैसे विखुरलेले आहेत' असं आमच्या ऑफिसातले अर्धे लोक समजतात. ते पंगतीत चारशे पानं मांडून तीन पानांवरच श्रीखंड वाढण्यासारखं आहे.

आणि ही अडचण निर्देशांकवाल्यांनाही झाली. इथल्या कराच्या नियमानुसार फंडात पाच टक्क्यांहून मोठे जे शेअर असतील त्यांची बेरीज निम्म्यापुढे जाऊ द्यायची नसते, आणि एकच शेअर पंचवीस टक्क्यांपुढे नाही. निर्देशांकच त्या रेषेला टेकायला लागल्यावर मार्च २०२५पासून रसेलने ग्रोथ-व्हॅल्यूच्या निर्देशांकांना झाकण लावलं: कुणीही एकटी साडेबावीस टक्क्यांवर नाही, आणि साडेचार टक्क्यांहून मोठ्या असतील त्यांची बेरीज पंचेचाळीसवर नाही. दर तिमाहीला छाटणी. म्हणजे काटेकोर म्हणाले तेच. नियमपुस्तिका पुन्हा बदलली.

पर्वती_पायथा (पुणे)

आम्ही इथे बसून काय करावं तेही लिहा की. माझ्यापुरतं सांगतो. भारतातून यातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे नॅस्डॅक १००. मोतीलाल ओसवालचा ईटीएफ २०११ला आला, मी २०१४ला घेतला. पण नॅस्डॅक १०० हा नियमाने ग्रोथ निर्देशांक नाहीच. नॅस्डॅकवर नोंदलेल्या बिगर-वित्तीय कंपन्यांतल्या सगळ्यात मोठ्या शंभर, बस. त्यात पेप्सीही असते. वागतो मात्र ग्रोथसारखा, किंबहुना जास्तच अंगात आल्यासारखा: मार्च २०००मधल्या ४७०० वरून ऑक्टोबर २००२मध्ये आठशेवर. त्र्याऐंशी टक्के साफ.

दुसरं, रुपयाला विसरू नका. १९९९च्या शेवटी डॉलर साडेत्रेचाळीसच्या आसपास होता, २०२४च्या शेवटी साडेपंच्याऐंशी. धागाकर्त्याचे ६५४ रुपयांत मांडले तर शंभराचे १२८० च्या पुढे जातात. इथल्या जाहिरातीत जो परतावा दाखवतात त्यातला बराचसा आपल्या रुपयाच्या घसरणीचा असतो, आणि ते शेअरच्या हुशारीच्या खात्यावर लिहिलं जातं.

तिसरं, सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती गुंतवायचं याला सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे. २०२२च्या सुरुवातीला ती भरत आली तेव्हा फंडांनी नवे पैसे घेणं थांबवलं. म्हणजे बाजार पडला, स्वस्त झालं, आणि आमचं दार बंद. मी त्या वर्षी दर महिन्याला अ‍ॅप उघडून बघायचो.

परतीचा_पाऊस

@पर्वती_पायथा, थेट अमेरिकन ब्रोकरकडे खातं उघडून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नसाल आणि तिथली मालमत्ता साठ हजार डॉलरच्या वर असेल, तर तुमच्या पश्चात वारसांना तिथला वारसा कर लागू शकतो. परतावा मोजताना हे कुणी धरत नाही. आम्ही परत आलो तेव्हा कागदपत्रं करताना कळलं.

अर्धा_चहा

पॉपकॉर्न संपले. वहिनी काय म्हणाल्या ते सांगा आता.

खारी_बिस्किट

सगळ्यांचे आभार. काल जेवणं झाल्यावर तिला अख्खा धागा वाचायला दिला. काटेकोर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला तिने. मग मलाच विचारलं, "व्हॅल्यू पुढे जाणार की ग्रोथ, यातलं तुला काही कळतं?" म्हटलं, नाही. "मग दोन्ही ज्यात आहे ते घेऊ. भांडण मिटलं." यादीत सहाव्या ओळीवर संपूर्ण बाजाराचा इंडेक्स फंड होता, चौदांत सगळ्यात कमी खर्चाचा. पंच्याऐंशी टक्के तिथे गेले. पंधरा टक्के ग्रोथमध्ये ठेवलेत, ते तिच्या हट्टाखातर. (तिच्या मते माझ्या.)

दादालाही दुवा पाठवला होता. रात्री फोन आला. झुणका_केंद्र यांचा हिशेब त्याने वाचलाय. त्याबद्दल काही बोलला नाही. विचारलं, "ती पाकिटं तू फोडलीस की तशीच आहेत?" म्हटलं, तशीच आहेत, खोक्यात. म्हणाला, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन ये.

धडाकेबाज_गणू

पंधरा टक्के म्हणजे चहाला साखर विचारून चमचा दाखवल्यासारखं झालं. असो. वहिनींना म्हणावं आयडी काढा, पुढचा धागा तुम्हीच काढा.